किमान देय रक्कम

क्रेडिट कार्डाच्या बिलावर वरच्या चौकटीत तीन गोष्टी ठळक छापलेल्या असतात: एकूण देय रक्कम, किमान देय रक्कम आणि पैसे भरण्याची शेवटची तारीख. समजा, एकूण देय रक्कम ५०,००० रुपये आहे आणि किमान देय रक्कम अडीच हजारांच्या घरात. महिनाअखेर आलेली, मुलांच्या शाळेची फी भरायची आहे, गावी आईला पैसे पाठवायचे आहेत. अशा वेळी किमान रक्कम भरली, तर विलंब शुल्क लागत नाही, वसुलीचा फोन येत नाही, कार्ड चालू राहतं आणि कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या सिबिलच्या अहवालात हप्ता चुकल्याची नोंदही होत नाही. या महिन्यापुरतं निभावलं, असं भरणाऱ्याला वाटतं.

आता हिशेब मांडून पाहू. आपल्याकडे बहुतेक कार्डांवरचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं, काहींचं पावणेचार. साडेतीनच धरू, म्हणजे वर्षाला ४२ टक्के. या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, त्यामुळे खिशातून महिन्याला ४.१३ टक्के जातात. ५०,००० च्या थकबाकीवर पहिल्या महिन्यात व्याज आणि कर मिळून २,०६५ रुपये चढले. थकबाकी झाली ५२,०६५. तिचे पाच टक्के, म्हणजे साधारण २,६०० रुपये, आपण इमानेइतबारे भरले. कर्ज किती उतरलं? ५३८ रुपये. कार्डावर एक रुपयाचीही नवी खरेदी न करता वर्षभर असंच भरत राहिलं, तर बारा महिन्यांत सुमारे २९,४५० रुपये जातात आणि वर्षाच्या शेवटी डोक्यावर ४३,९०० रुपये उरतात. भरलेल्या पैशातले २३,००० हून अधिक व्याजात आणि करात गेले. मूळ थकबाकी निम्म्यावर यायला पाच वर्षांहून जास्त काळ लागतो. किमान रक्कम काढण्याची पद्धत बँकेगणिक थोडी वेगळी असते, म्हणून हे आकडे पुढेमागे होतील, पण चित्र हेच राहतं.

हा हिशेब प्रकरणाच्या सुरुवातीलाच मांडण्याचं कारण आहे. कार्डाच्या गैरवापराबद्दल बोलताना आपण उधळ्या तरुणांबद्दल, महागड्या फोनबद्दल, सेलमधल्या खरेदीबद्दल बोलतो. माझं मत वेगळं आहे. कार्डाच्या कर्जात रुतलेली बरीच माणसं उधळी नसतात. ती दर महिन्याला न चुकता पैसे भरत असतात. बिलानं जेवढे मागितले तेवढे ती भरतात, आणि त्यांची अडचण नेमकी तिथेच सुरू होते.

भारतात कार्ड आलं ते मूठभरांसाठी. १९६१ च्या सुमारास काली मोदी यांनी डायनर्स क्लबचं कार्ड आणलं. मोठी हॉटेलं, विमानप्रवास, कंपन्यांचे वरिष्ठ अधिकारी एवढ्यापुरतंच ते मर्यादित राहिलं. बँकेचं पहिलं कार्ड यायला १९८० साल उजाडलं. मुंबईत मुख्यालय असलेल्या सेंट्रल बँक ऑफ इंडियानं ‘सेंट्रलकार्ड’ काढलं. १९९० मध्ये सिटीबँक या धंद्यात उतरली आणि पगारदार मध्यमवर्गाच्या घरात कार्ड शिरायला सुरुवात झाली. १९९८ मध्ये स्टेट बँकेनं जीई कॅपिटलबरोबर कार्डाची स्वतंत्र कंपनी काढली. २००० मध्ये सिबिलची स्थापना झाली, पण कर्जदारांची माहिती तिच्याकडे नीट साठून बँकांना रोजच्या कामात वापरता येईपर्यंत बरीच वर्षं गेली.

ही मधली वर्षं महत्त्वाची आहेत. साधारण २००४ ते २००८ या काळात शहरात नोकरी करणाऱ्या प्रत्येकाचा फोन कार्ड विकणाऱ्यांनी सतत वाजता ठेवला होता. मॉलच्या दारात, पेट्रोल पंपावर, कंपनीच्या कँटीनबाहेर टेबलं मांडून पोरं उभी असायची. पगाराची पावती आणि एक फोटो दिला की अर्ज भरला. ‘लाइफटाइम फ्री’ म्हणून दिलेल्या कार्डावर वर्षभरानं फी लागायची. न मागता कार्ड टपालानं घरी यायचं आणि न वापरताच त्याचं बिलही यायचं. रिझर्व्ह बँकेनं नोव्हेंबर २००५ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, २००७ मध्ये नको असलेल्या विक्रीफोनसाठी राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली. तोवर लाखो लोकांच्या पाकिटात तीन-तीन, चार-चार कार्डं गेली होती. एका बँकेनं दिलेलं कार्ड पाहून दुसरी बँक देत होती. त्या माणसावर आधीच किती बोजा आहे, हे कुणी नीट पाहत नव्हतं.

मार्च २००८ मध्ये देशात सुमारे २.७५ कोटी क्रेडिट कार्डं होती. जागतिक मंदी आली, नोकऱ्या गेल्या, थकबाकी बुडायला लागली. बँकांनी कार्डं रद्द करायचा सपाटा लावला आणि मार्च २०१२ पर्यंत हा आकडा १.७६ कोटींवर आला. चार वर्षांत तिसऱ्या हिश्शाहून अधिक कार्डं नाहीशी झाली. या काळातल्या वसुलीच्या कहाण्या अनेक घरांत अजून आठवतात. ऑफिसात येऊन आरडाओरडा करणं, शेजाऱ्यांना फोन करणं, रात्री-अपरात्री दार ठोठावणं, असे प्रकार घडले. वसुलीसाठी गुंड पाठवणं कायद्याच्या राज्यात चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाला २००७ मध्ये बँकांना बजावावं लागलं. आता वसुली एजंटानं सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू नये, असा रिझर्व्ह बँकेचा स्पष्ट नियम आहे.

नंतर बाजार पुन्हा फुगला. ऑनलाइन खरेदी वाढली, नोटाबंदीनंतर रोखीची सवय सैल झाली, मोबाइलवर पाच मिनिटांत कार्ड मिळू लागलं. २०२४ च्या सुरुवातीला देशातल्या कार्डांची संख्या १० कोटींच्या पुढे गेली. सप्टेंबर २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येऊ लागलं आणि भाजीवाल्याचा क्यूआर कोडही उधारीवर स्कॅन करता यायला लागला. नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं कार्डाच्या कर्जावरचा जोखीमभार बँकांसाठी १२५ वरून १५० टक्क्यांवर नेला. सोप्या शब्दांत सांगायचं तर, असं कर्ज देताना बँकेला स्वतःचं भांडवल आधीपेक्षा जास्त बाजूला ठेवावं लागेल, अशी व्यवस्था केली. विनातारण कर्ज फार वेगानं वाढतंय, असं रिझर्व्ह बँकेला दिसत होतं.

उगवत्या अर्थव्यवस्थेत हा धंदा वेगळा वागतो, त्यामागे एक कारण आहे. जिथे बँकव्यवहार जुना आहे, तिथे माणूस घराचं, गाडीचं, शिक्षणाचं कर्ज पाहत मोठा होतो आणि घरात कुणीतरी त्याला बिल वाचायला शिकवलेलं असतं. आपल्याकडे अनेकांच्या आयुष्यातलं बँकेचं पहिलं कर्ज हेच असतं. त्याआधीची उधारी म्हणजे वाण्याकडचं खातं, भिशी, सोसायटी किंवा नातेवाईक. वाण्याच्या वहीत दोनशे राहिले, तर पुढच्या महिन्यात दोनशेच असतात. त्या वहीच्या सवयीनं माणूस कार्डाचं बिल वाचतो आणि फसतो.

त्याचं सगळ्यांत नेमकं उदाहरण म्हणजे बिनव्याजी मुदत. कार्डावर ४५ ते ५० दिवस व्याज नाही, हे खरं आहे. पण ही सवलत संपूर्ण बिल भरणाऱ्यालाच आहे. ५ एप्रिलला तुम्ही ३०,००० रुपयांचा फ्रिज घेतला. २० एप्रिलला बिल निघालं, ८ मे ही शेवटची तारीख. त्या दिवशी खात्यात थोडे कमी होते म्हणून २९,००० भरले, हजार राहिले. व्याज हजारावर लागेल, अशी कुणाचीही समजूत होईल. बहुतेक बँकांच्या अटीपत्रकाप्रमाणे मात्र बिनव्याजी मुदतच रद्द होते आणि संपूर्ण ३०,००० वर ५ एप्रिलपासून ८ मेपर्यंतच्या ३३ दिवसांचं व्याज लागतं. ४२ टक्क्यांनी ते होतं सुमारे १,१३९ रुपये. उरलेल्या हजारावरचं १२ दिवसांचं व्याज आणि कर धरून पुढच्या बिलात साधारण १,३६० रुपये जास्तीचे येतात. हजार रुपये राहिले आणि व्याज त्याहून अधिक पडलं. पुढची गोष्ट त्याहून कमी जणांना ठाऊक असते. बाकी पूर्ण फिटेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. थकबाकी असलेल्या कार्डावर दुधाची पिशवी घेतली, तरी तिचं व्याज त्याच दिवसापासून सुरू होतं.

एटीएममधून कार्डानं रोख काढली तर मुदत मुळातच नसते. अडीच टक्क्यांच्या आसपास शुल्क, बहुतेक ठिकाणी किमान ५०० रुपये, आणि व्याज पहिल्या दिवसापासून.

वर्षाला ४२ टक्के हा दर योग्य आहे का, या प्रश्नाला महाराष्ट्रात फार जुनी पार्श्वभूमी आहे. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली, आणि त्या दंग्यांत त्यांचा डोळा पैशापेक्षाही कर्जरोख्यांवर होता. ते त्यांनी जाळले. त्यानंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी खास कायदा झाला. त्यात रोख्यावर काय लिहिलंय यापलीकडे जाऊन मूळ व्यवहार तपासायचा अधिकार न्यायालयांना मिळाला. मुंबई इलाख्यातली न्यायालयं दामदुपटीचा नियमही मानत होती: एका वेळी वसूल करायचं व्याज मुद्दलापेक्षा जास्त असता कामा नये. शंभर दिले असतील तर एकूण मागणी दोनशेवर थांबली पाहिजे. हेच तत्त्व राज्याच्या सावकारी कायद्यात पुढे टिकलं. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) कायद्याखाली शासनानं परवानाधारक सावकारासाठी जे दर ठरवले, त्यात शेतकरी नसलेल्या कर्जदाराला दिलेल्या विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्के ही कमाल मर्यादा होती.

बँका या कायद्याच्या कक्षेत येत नाहीत. शिवाय बँकिंग नियमन कायद्याचं कलम २१ अ सांगतं की, बँकेचं व्याज अवाजवी आहे एवढ्या कारणावरून न्यायालयानं तो व्यवहार पुन्हा उघडू नये. त्यामुळे परवानाधारक सावकार १८ टक्क्यांच्या वर गेला तर गुन्हा, आणि बँक ४२ टक्के आकारते ते कायदेशीर, अशी स्थिती आहे. ‘आवाज’ नावाच्या ग्राहकसंस्थेनं हा प्रश्न राष्ट्रीय ग्राहक आयोगापुढे नेला. बँका तेव्हा ३६ ते ४९ टक्के आकारत होत्या. जुलै २००८ मध्ये आयोगानं निकाल दिला की, वर्षाला ३० टक्क्यांहून अधिक व्याज घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बँका सर्वोच्च न्यायालयात गेल्या, निकालाला स्थगिती मिळाली, आणि २० डिसेंबर २०२४ रोजी न्यायालयानं आयोगाचा आदेश रद्द केला. व्याजदराचं धोरण ठरवणं हे रिझर्व्ह बँकेचं क्षेत्र आहे, आयोगाला तो अधिकार नाही, असं न्यायालयानं म्हटलं. रिझर्व्ह बँकेनं दरावर आकड्यांत मर्यादा घातलेली नाही. व्याज अवाजवी नसावं, एवढंच ती सांगते.

बँकांची बाजूही समजून घ्यायला हवी. तारण नसतं, बुडणारे बुडतात, पूर्ण भरणाऱ्यांना महिना-दीड महिना फुकट पैसे वापरायला द्यावे लागतात. दर फार खाली आणला, तर कमी पगाराच्या माणसाला बँक कार्डच देणार नाही आणि तो कर्जाच्या बेकायदा अ‍ॅपकडे जाईल, हा युक्तिवाद पोकळ नाही. म्हणून दरावर मर्यादा असावी का याबद्दल माझं मन दोन्ही बाजूंना झुकतं. पण एकूण वसुलीवर मर्यादा असावी, याबद्दल मला शंका नाही. ब्राझीलनं हे करून दाखवलं आहे. तिथे कार्डाच्या फिरत्या थकबाकीवरचं व्याज वर्षाला ४०० टक्क्यांच्या वर गेलं होतं. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये तिथे कायदा झाला आणि जानेवारी २०२४ पासूनच्या कर्जांना तो लागू झाला: व्याज आणि शुल्क मिळून मूळ थकबाकीच्या शंभर टक्क्यांपलीकडे जाऊ शकत नाही. आपल्या आजोबा-पणजोबांना ओळखीची असलेली दामदुपटच ती.

आणखी एक सुधारणा तर जवळजवळ बिनखर्चाची आहे. अमेरिकेत २००९ च्या कार्ड कायद्यानुसार प्रत्येक बिलावर त्या माणसाचा स्वतःचा हिशेब छापावा लागतो: तुम्ही फक्त किमान रक्कम भरत राहिलात, तर हे कर्ज फिटायला इतकी वर्षं लागतील, एकूण इतके पैसे जातील, आणि तीन वर्षांत फेडायचं असेल तर महिन्याला इतके भरा. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार बिलावर एक सर्वसाधारण इशारा असतो, की किमान रक्कमच भरत राहिल्यास फेड महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं लांबेल. इशारा खरा आहे, पण तो सगळ्यांच्या बिलावर सारखाच असल्यामुळे कुणालाच आपला वाटत नाही. ज्या संगणकाला व्याज पैशापैशापर्यंत काढता येतं, त्याला हा आकडाही काढता येईल.

सरकारनंच कार्डाला जोर लावला तर काय होतं, हे दक्षिण कोरियानं पाहिलं. १९९७ च्या आर्थिक संकटानंतर लोकांनी खर्च करावा आणि दुकानदारांचं उत्पन्न करखात्याला दिसावं, असे दोन हेतू तिथल्या सरकारनं कार्डावर टाकले. १९९९ मध्ये कार्डानं केलेल्या खर्चावर प्राप्तिकरात सूट दिली. कार्डावर महिन्याला ७ लाख वॉनपर्यंतच रोख उचलता येत होती, ती मर्यादा त्याच वर्षी काढून टाकली. २००० पासून कार्डाच्या पावत्यांवर सोडत सुरू झाली. कार्ड कंपन्यांनी रस्त्यावर टेबलं मांडली, विद्यार्थ्यांना आणि बेकारांनाही कार्डं दिली. २००२ पर्यंत ४ कोटी ८० लाखांच्या आसपास लोकसंख्येच्या या देशात १० कोटींहून अधिक कार्डं झाली. लोक एका कार्डावरून रोख उचलून दुसऱ्याचं बिल भरत होते, आणि हे चालू होतं तोवर सगळी कार्डं वेळेवर फिटताना दिसत होती. मग कंपन्यांनी रोखीची मर्यादा आवळली आणि साखळी तुटली. २००३ च्या अखेरीला सुमारे ३७ लाख लोक थकबाकीदार म्हणून नोंदले गेले होते. सर्वांत मोठ्या कंपन्यांपैकी एक असलेली एलजी कार्ड नोव्हेंबर २००३ मध्ये पैसे देऊ शकेना. बँकांनी कर्ज देऊन तिला उभं ठेवलं आणि पुढे ती शिनहान या वित्तसमूहाकडे गेली. करचुकवेगिरी कमी करण्याचा हेतू बऱ्याच अंशी साध्य झाला, हेही खरं. किंमत मात्र लाखो कुटुंबांनी मोजली.

एका कार्डानं दुसरं भरण्याचा हा प्रकार आपल्याकडे ‘रोटेशन’ या नावानं सर्रास चालतो. मोबाइलच्या किंवा किराणाच्या एखाद्या दुकानात कार्ड स्वाइप करायचं, खरेदी काहीच नाही, दुकानदार दोन-अडीच टक्के कापून रोख हातात ठेवतो. ती रोख दुसऱ्या कार्डाच्या बिलात जाते. काही जण याच पैशावर छोटा धंदा चालवतात. हे कार्डाच्या अटींच्या विरुद्ध आहे आणि बँकेच्या लक्षात आलं तर ती कार्ड गोठवते, तेही बहुधा पुढचा हप्ता तोंडावर आलेला असताना. मधल्या काळात घरभाड्याच्या अ‍ॅपचा असाच उपयोग झाला. भावाला, मित्राला ‘घरमालक’ दाखवून कार्डावरून त्याच्या खात्यात पैसे टाकायचे आणि परत घ्यायचे. बँकांनी त्यावर शुल्क लावलं, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये ऑनलाइन पैसे पोचवणाऱ्या मध्यस्थांसाठी, म्हणजे पेमेंट अ‍ॅग्रिगेटरसाठी नवे नियम आल्यावर अनेक अ‍ॅपनी ही सोयच थांबवली. मित्रांची खरेदी रिवॉर्ड पॉइंटच्या आशेनं स्वतःच्या कार्डावर करणाऱ्यांनीही जपावं. वर्षभरात १० लाख किंवा त्याहून अधिक रकमेची कार्डबिलं भरली, तर बँक ती माहिती प्राप्तिकर खात्याला कळवते.

मग कार्ड वापरूच नये का? तसं मी मुळीच म्हणणार नाही. रात्री दोन वाजता वडिलांना दवाखान्यात नेल्यावर भरतीच्या वेळी ५०,००० अनामत मागतात, तेव्हा कार्डासारखा आधार नाही. छोटा दुकानदार बिल निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी माल भरतो, महिन्याभरात विकतो आणि तारखेआधी पूर्ण पैसे भरतो, त्याला बिनव्याजी खेळतं भांडवल मिळतं. बँकेची पायरी चढायला कचरणाऱ्या, उत्पन्नाची कागदपत्रं नसलेल्या अनेकांना मुदतठेवीवर मिळणाऱ्या कार्डामुळे सिबिलमध्ये पहिली नोंद मिळाली आणि पुढे गृहकर्ज मिळालं. संपूर्ण बिल भरणाऱ्या माणसासाठी कार्ड उत्तम साधन आहे. त्याला मिळणारे पॉइंट, विमानतळावरचा लाउंज, कॅशबॅक यांचा खर्च दोन ठिकाणांहून येतो: दुकानदाराकडून कापली जाणारी टक्केवारी आणि किमान रक्कम भरणाऱ्यांचं व्याज. लाउंजमध्ये नाश्ता करणाऱ्यानं हे माहीत करून घ्यावं, असं मला मनापासून वाटतं.

‘नो कॉस्ट ईएमआय’बद्दल थोडक्यात. शून्य टक्के व्याज ही कल्पनाच अस्तित्वात नाही, असं रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०१३ मध्येच म्हटलं होतं. व्याज असतंच. तेवढी सूट विक्रेता देतो आणि बँक ते व्याज हप्त्यात लावते. व्याजावरचा जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क ग्राहकाच्याच माथी येतं. एकरकमी घेणाऱ्याला किंमत किती पडते, हे विचारून मगच ठरवावं.

चोरीच्या बाबतीत भारतानं एक काम फार लवकर केलं. ऑगस्ट २००९ पासून ऑनलाइन व्यवहाराला कार्डावरच्या आकड्यांखेरीज दुसरी खातरजमा सक्तीची झाली, आणि पुढे ओटीपी अंगवळणी पडला. ऑक्टोबर २०२२ पासून दुकानांच्या संकेतस्थळांना कार्डाचा क्रमांक साठवून ठेवायलाही बंदी आली. त्यामुळे आपल्याकडचे चोर यंत्राऐवजी माणसाला गाठतात. ‘तुमचे ८,००० पॉइंट आज रात्री संपताहेत’, ‘केवायसी न केल्यास कार्ड बंद’, ‘लिमिट वाढवून देतो, हे अ‍ॅप उतरवा’. बोलणारा तुमचं नाव, बँक, कधीकधी कार्डाचे शेवटचे चार आकडेही बरोबर सांगतो. परदेशी संकेतस्थळांवर ओटीपीशिवायही पैसे जाऊ शकतात, म्हणून गरज नसेल तेव्हा अ‍ॅपमध्ये जाऊन आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद ठेवावेत. हे बटण प्रत्येक बँकेनं दिलेलं असतं.

तरीही पैसे गेले, तर घड्याळ महत्त्वाचं. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक ना तुमची ना बँकेची, बाहेरच कुठेतरी फट होती, अशा व्यवहाराची तक्रार तीन कामकाजाच्या दिवसांत केली तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. चौथ्या ते सातव्या दिवसात केली, तर ५ लाखांपर्यंत लिमिट असलेल्या कार्डावर जास्तीत जास्त १०,००० रुपयांचा भार. जबाबदारी ग्राहकाची आहे हे सिद्ध करायचं काम बँकेचं असतं. ओटीपी तुम्हीच सांगितला असेल, तर तक्रार करेपर्यंतचं नुकसान तुमचं, त्यानंतरचं बँकेचं. म्हणून लाज न बाळगता पहिल्या तासातच बँकेला आणि सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठीच्या १९३० या क्रमांकावर कळवावं.

जो आधीच थकबाकीत अडकला आहे, त्यानं सर्वांत आधी त्या कार्डावरची खरेदी थांबवावी. मग बँकेला फोन करून थकबाकी हप्त्यांत बदलून मागावी. दर बऱ्याचदा निम्म्याच्या आसपास येतो. नोकरी पक्की असेल आणि सिबिल अजून शाबूत असेल, तर वैयक्तिक कर्ज काढून कार्ड मिटवणं स्वस्त पडतं. घरात सोनं असेल तर सोनेतारण त्याहून स्वस्त. दागिना गहाण ठेवायला बायामाणसांचा जीव तुटतो, हे मी जाणतो. पण ४२ टक्क्यांचं कर्ज चालू ठेवून कपाटातला दागिना सांभाळण्यात दर महिन्याला त्या दागिन्याचाच एक तुकडा जात असतो. घरच्यांपासून लपवू नये, हे तर त्याहून महत्त्वाचं. लपवलेलं कर्ज माणूस दुसऱ्या कर्जानं झाकतो.

वसुलीवाले ‘सेटलमेंट करा, निम्म्यात सोडतो’ म्हणतात, तेव्हा विचार करूनच हो म्हणावं. अशा तडजोडीची नोंद सिबिलमध्ये ‘सेटल्ड’ अशी होते आणि ती पुढची अनेक वर्षं गृहकर्जाच्या आड येते. तडजोड करायचीच असेल, तर बँकेचं लेखी पत्र हातात आल्याशिवाय एजंटाच्या खात्यात एक रुपयाही टाकू नये. बँकेनं तक्रारीला तीस दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. आणि सगळं फिटल्यावर कार्ड नको असेल, तर ते बंद करायला लेखी सांगून ‘नो ड्यूज’ पत्र घ्यावं. थकबाकी शून्य असताना सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद झालं नाही, तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला बँकेनं ग्राहकाला ५०० रुपये द्यायचे असतात, आणि ते मागून घ्यावेत.